हौदातली नाव

वडटेकच्या झिपरू भोयाला तुम्ही आईबापावरून बोललात, तर तो एखाद वेळेस गिळून घेईल. पण त्याच्या नावेला 'ते जुनं लाकूड' म्हणालात, की तुमचं काही खरं नाही. एकदा तलाठ्यानं म्हटलं होतं. तर पुढची तीन वर्षं तलाठ्याला तापी ओलांडायला पुलावरून सात कोसांचा वळसा पडला. कागदपत्रांची पिशवी डोक्यावर धरून तो भर पावसात काठावर उभा असायचा, आणि झिपरू त्याच्या डोळ्यांदेखत शेळ्या पलीकडे नेत असायचा. शेळ्या चालतात, तलाठी नाही. असा आडमुठा माणूस!

भिकुबाई, त्याची बायको, घाटावर कपडे धुताना बायांना सांगायची, "सवत मानूस ऱ्हाती तं झिंज्या धरतू. हाई तं लाकडानी सवत. हिन्हासंगे भांडू बी कशी?" बाया हसायच्या. भिकुबाईही हसायची, पण घरात राळ आणि गोडं तेल एका चुलीवर उकळत असलं की भाकरीला जागा नसे, हेही खरंच होतं. एकुलता पोरगा मगन सुरतेला लूमवर गेला तो या वासाला कंटाळून गेला, असं ती म्हणे. खरं म्हणजे तो पोटासाठी गेला. वडटेकला आता काय होतं?

नाव सागाची, बावीस हात लांब. झिपरू ज्या साली जन्मला त्या साली ती त्याचा बाप वना भोई आणि रमजान मिस्तरी या दोघांनी बांधली. सातपुड्यातून लाकूड बैलगाडीनं आणलं, दोन पावसाळे नदीत भिजवलं, दोन उन्हाळे सावलीत वाळवलं, आणि मग कुठे त्याला करवत लावली. आता एवढा दम कुणाला आहे? आता आज झाड पाडतात नि उद्या दार बसवतात, आणि परवा ते दार लागत नाही म्हणून बोंबलतात.

तेव्हा वडटेकच्या घाटावर अशा सात नावा होत्या. दोन नावांनी मिळून एक मोठं जाळं धरायचं, अख्ख्या डोहाला वेढा घालायचा, आणि गाणी म्हणत काठाकडे ओढत आणायचं. मरळ, वाम, शिंगाळा, पाट्याच्या पाट्या भरायच्या. बाया ती मासळी ओल्या गवतात गुंडाळून पहाटेच नरडाण्याच्या स्टेशनाची वाट धरायच्या, आणि वडटेकची वाम त्याच दिवशी सुरतेला लोकांच्या ताटात पडायची. मग वर कुठेतरी धरण झालं. नदी कुणीतरी उघडल्यासारखी यायची, कुणीतरी बंद केल्यासारखी जायची. मासे आटले. जे उरले त्यांना ट्रकची एक जुनी ट्यूब आणि हातभर नायलॉनचं जाळं पुरे. त्यासाठी बावीस हाताची नाव कोण पाण्यात घालतो?

बाकीच्या सहा नावांचं काय झालं ते विचारू नका. विचारताच आहात तर ऐका. एक गुरांची गव्हाण झाली. एकीच्या फळ्या सरपंचाच्या माडीला गेल्या. दोन लग्नांच्या पंगतीखाली जळल्या, आणि त्या पंगतीत झिपरू जेवला नाही. एक पुरात गेली. ती सुटली बिचारी. आणि एक तिच्या मालकानंच, दारूच्या भरात, कुऱ्हाडीनं फोडली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच ढलप्यांजवळ बसून रडला.

राहिली झिपरूची. आणि ती ठेवायचीच, असं दोघा जणांनी ठरवलं होतं. एक झिपरू आणि दुसरा नूर महंमद मिस्तरी, रमजानचा पोरगा. मिस्तरीनं आयुष्यभर बैलगाड्या, पाभरी, दारं-खिडक्या केल्या. पण नावेचे सांधे भरायची विद्या बापाकडून फक्त त्याच्याकडे आली होती. वडटेकपासून वर-खाली तापीच्या काठाला दुसरा माणूस नव्हता. मोठं जाळं झिपरूनं घराच्या आढ्याला टांगून ठेवलं होतं. दरवर्षी उतरवून त्याच्या गाठी तपासायचा. दुसरी नावच नाही, तर वेढा घालणार कुणाबरोबर? पण गाठी तपासायचा.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. लाकडाची नाव पाण्यावर जगते. कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग ती नाव राहत नाही, चाळण होते. म्हणून भोयांची रीत अशी, की होळी झाली, नदी उतरली, की नाव डोहात न्यायची, तिच्यात धोंडे भरायचे आणि ती मुद्दाम बुडवायची. याला म्हणायचं नाव निजवणं. तीन महिने ती पाण्याखाली निजते, लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे मिटतात. मृगात धोंडे काढायचे, पाणी उपसायचं, की बाई पुन्हा ताजीतवानी. साठ वर्षं ती अशीच जगली होती. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, 'बुडवली तर सडेल ना?' त्याला काय सांगणार! लोणचं तेलात बुडालेलं असतं तोवरच टिकतं, एवढंही घरात बघत नाहीत लोक.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात डोह आटला. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. वरून पाणी सुटलं नाही, खालून वाळूवाल्यांनी काठ खरवडून नेला, आणि वैशाखात एके दिवशी भिकुबाई धावत घरी आली. "ऊठ! तुन्ही नाव वर उनी!" म्हणाली. झिपरू गेला तर नाव चिखलात धोंड्यांसकट उघडी पडलेली, आणि वर सूर्य आग ओकतोय. सवत-बिवत सगळं विसरून भिकुबाईनं घरातली गोणपाटं, वाकळा, स्वतःचं एक लुगडं भिजवून नावेवर घातलं. महिनाभर दोघं नवरा-बायको झऱ्यातून घागरी उपसत होते.

पावसाळ्यात नूर महंमदानं सांधे भरले. ताग पिळायचा, राळेत बुडवायचा, पटाशीनं सांध्यात ठोकायचा. पूर्वी आठ दिवसांचं काम. या वेळेस दीड महिना लागला. शेवटचा सांधा ठोकून तो वाळूत बसला आणि म्हणाला, "झिपरू, हाई शेवटलं. मन्हा डोयाले सांधा दिखत नही. हातले समजस तितलंच करं मी." त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि एक डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता. दुसऱ्याला तो हात लावू देत नव्हता.

 त्या दिवसापासून झिपरूच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली: पुढचा उन्हाळा. डोह पुन्हा आटला, तर नाव निजवायची कुठे?

नेमके त्याच दिवाळीत लीलाधर सर आले. धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. किडकिडीत माणूस, खांद्याला शबनम, फटफटीवर धूळ खात खेडोपाडी हिंडायचे आणि मोट, पाभर, जातं, नाणी असलं काय काय गोळा करायचे. धुळ्यातल्या एका संस्थेनं त्यांना गावाबाहेर एक आवार दिलं होतं. तिथे खानदेशच्या जुन्या धंद्यांचं संग्रहालय काढायचं होतं. नाव बघून सर नुसते उभे राहिले. मग चप्पल काढून आत चढले. चप्पल काढली, हे झिपरूनं पाहिलं. तिथेच निम्मा माणूस विरघळला.

"आबा, ही गेली तर तापीवर लाकडाच्या नावांनी मासेमारी व्हायची याचा काही पुरावाच राहणार नाही. आम्हाला द्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू."

"सर, कोरडी ठेवशात तं मरी जाई ती. हौद बांधा. नाव पानीमा ऱ्हाई तरच देसू."

सरांनी तिथल्या तिथे शब्द दिला. आणि बाबा, माणूस शब्दाचा पक्का निघाला! दोन महिन्यांत हौद बांधून झाला. झिपरू स्वतः बघायला गेला. एस.टी.नं धुळे, तिथून पायी. तीस हात लांब, पक्क्या विटांचा, आतून सिमेंट घोटलेलं, वर निंबाची सावली. झिपरू आत उतरला, खोली छातीला लावून मोजली, उतार पाहिला, कोपरे नखानं खरवडून पाहिले. तळाला बाक कमी होता तो गवंड्याशी भांडून सुधारून घेतला. लाकडाला चुना लागू नये म्हणून काय करायचं तेही सांगितलं. सगळं सगळं विचारलं त्यानं.

एवढंच विचारलं नाही, की हा भरणार कोण?

तुम्ही हसाल. पण नदीकाठच्या माणसाच्या ते डोक्यातच येत नाही. हौद म्हटला की त्याच्या लेखी तो भरलेलाच. आणि सरांचं म्हणाल तर ते पुस्तकातले. त्यांना वाटलं, हौद बांधला की शब्द पाळला.

संक्रांतीनंतर नाव निघाली. अख्खं वडटेक घाटावर जमलं. भिकुबाईनं नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग ट्रकवर ओल्या गवताची गादी करून नाव चढवली, आणि झिपरू नावेत जाऊन बसला. शेजारी पाण्याचं पिंप, हातात तांब्या. नरडाणा गेलं, सोनगीर आलं. हायवेवरचे लोक बघतात तर रस्त्यावरून नाव चालली आहे, आणि आत एक म्हातारा बसून नावेवर पाणी शिंपडतो आहे. पोरं ओरडत मागे धावली. ट्रकवाले हॉर्न देत होते. झिपरूला राग यायला हवा होता. पण त्या दिवशी तो खुशीत होता. साठ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या नावेला पुढच्या उन्हाळ्याची काळजी नव्हती.

धुळ्याला पोचले तर हौद ठणठणीत कोरडा.

"पानी कव्हय सोडतस?" झिपरूनं रखवालदाराला विचारलं. धनसिंग त्याचं नाव. शिरपूरकडचा, झिपरूच्याच बोलीचा माणूस.

धनसिंग हसला नाही. म्हणाला, "आबा, आठे नळले आठ दिनमा एकदाव पानी येस. ते बी तासभर."

सर मान खाली घालून उभे. टँकरसाठी अर्ज दिलाय म्हणाले. संस्थेच्या समितीची बैठक आहे म्हणाले. बैठक झाली, समितीनं विचारलं, की शहराला प्यायला पाणी नाही आणि आपण लाकडाचा ओंडका भिजवायला टँकर लावला, तर लोक काय म्हणतील? सर भांडले. पण खरं सांगायचं, तर समितीचं काय चुकलं? झिपरूलाही सांगता आलं नसतं.

नाव परत न्यावी, तर न्यायची कुठे? वडटेकचा डोह माघातच गुडघाभर राहिला होता. मग झिपरू दर चार दिवसांनी एस.टी.नं धुळ्याला यायला लागला. आवाराबाहेर हातपंप होता. तिथून घागर भरायची, गोणपाटं भिजवायची, नावेवर पसरायची. तिसऱ्या खेपेला रांगेतल्या एका बाईनं त्याची घागर पायानं बाजूला सारली. लताबाई म्हणत तिला. गल्लीत तिचा शब्द चालायचा.

"बाबा, आठे मानूसले पेवाले पानी नही, आन् तू लाकडाले पाजी ऱ्हायना! लाज वाटस का नही?"

तलाठ्याला तीन वर्षं काठावर उभा ठेवणारा माणूस तो. पण त्या दिवशी रांगेतून बाजूला झाला. त्यानं घागर उचलली आणि रिकामीच आत नेली. खरोखर लाज वाटली त्याला. पाण्यासाठी कुणाची बोलणी खायची, हे त्याच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं.

मग त्यानं काय करावं? तर तेलाचे दोन रिकामे डबे घेतले, तापीत भरले, आणि एस.टी.त चढवले. कंडक्टर भडकला. "बाबा, गंगाजळ नेतोस का काशीचं?"

"तापीनं शे."

"कुणाला पाजायला?"

"नावले."

गाडी हसली. डबे हिंदकळून अर्धे व्हायचे. चाळीस-पन्नास किलोमीटरांवरून दोन डबे पाणी, बावीस हाताच्या नावेला! पण माणूस वेडा झाला की हिशोब विसरतो, आणि झिपरूला काही केल्याशिवाय राहवत नव्हतं.

फाल्गुन लागला तेव्हा त्यानं नूर महंमदाला बरोबर आणलं. एव्हाना मिस्तरीला उजेड-अंधार एवढंच कळत होतं. झिपरूनं त्याचा हात धरून त्याला हौदात उतरवलं. मिस्तरीनं नाळेपासून सुरुवात केली आणि एकेक सांधा बोटानं चाचपत गेला. कुठे थांबायचा, परत मागे यायचा. सर, धनसिंग, झिपरू, तिघं बघत होते. मधल्या सांध्याशी तो बराच वेळ थांबला.

"झिपरू, आठे मन्हं बोट आत जाई ऱ्हायनं."

"मंग?"

"पंधरा दिन. पंधरा दिन पुरी पानीखाल निजनी तं उठी. आखाजी लगून अशीच ऱ्हायनी, तं मन्हा बाप कबरमाईन उठी उना तरी काही व्हवाव नही."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला: आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आत हौदभर पाणी, पंधरा दिवस.

लीलाधर सरांनी त्यासाठी कुणाकुणाचे पाय धरले ते त्यांचं त्यांना ठाऊक. संग्रहालयाचं उद्घाटन पाडव्याला ठरलं, मोठे पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांसमोर हौद कोरडा दिसू नये म्हणून समितीनं टँकर मंजूर केले. नावेसाठी नाही, शोभेसाठी. असो, पाणी ते पाणी. पाडव्याच्या आदल्या दिवशी टँकरच्या खेपांवर खेपा झाल्या. झिपरूनं नावेत धोंडे भरले होते. पाणी चढलं, सांध्यांतून आत शिरलं, आणि हळूहळू नाव खाली गेली. तिच्यावर पाण्याचा शेवटचा पडदा मिटला तेव्हा झिपरूनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली आणि हौदाच्या कडेला येऊन विचारलं, "नाव कुठाय?"

सर म्हणाले, "पाण्याखाली."

"बुडाली?" पाहुणे म्हणाले, आणि सगळे हसले. सर समजावून सांगायला लागले, पण तोवर पाहुण्यांना नारळ-शाल देण्याची घाई झाली होती. फोटोवाल्यानं झिपरूला पाण्याकडे बोट दाखवायला लावून एक फोटो काढला. झिपरूला त्याचं काहीच वाटलं नाही. हसोत की! पंधरा दिवसांनी वर आली की बघतील.

तो घरी गेलाच नाही. धनसिंगाच्या खोलीत पथारी टाकली, त्याच्याच पिठल्यात हात घातला. रोज सकाळी हौदात उतरायचा, आणि पाण्याखाली हात घालून मधला सांधा चाचपायचा. पहिल्या दिवशी बोट जात होतं. दुसऱ्या दिवशीही जात होतं. तिसऱ्या दिवशी पेरापर्यंतच गेलं. चौथ्या दिवशी नख. झिपरू ओलाचिंब हौदाबाहेर आला आणि धनसिंगाला म्हणाला, "पी ऱ्हायनी! पी ऱ्हायनी ती!" साठीचा म्हातारा, पण चेहरा असा, की जणू घरात बाळंतीण सुटली. धनसिंगानं त्या आनंदात गूळ फोडला.

त्याच दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आलं नाही. मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटली, असं कळलं. उद्या येईल म्हणाले. उद्याही आलं नाही. हातपंप आधीच गाळ ओकत होता. आणि पाचव्या दिवशी सकाळी झिपरूनं डोळे उघडले तर आवाराच्या फाटकाशी बाया उभ्या. हंडे, कळशा, डालड्याचे डबे. धनसिंगानं फाटकाला कुलूप घातलेलं. त्या ओरडत असत्या, शिव्या देत असत्या, तर सोपं होतं. झिपरूही शिव्यांत कमी नव्हता. पण कुणी काही बोलत नव्हतं. नुसत्या उभ्या होत्या आणि फाटकाच्या गजांतून हौदाकडे बघत होत्या. लताबाई सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून खाली बसलेली. तिनं तर बघणंही सोडलं होतं.

"आबा, तुम्ही आत जा," धनसिंग म्हणाला. "मी हाकलस त्यास्ले. आजूक धा दिननी तं बात शे."

झिपरू गेला नाही. खूप वेळ तो फाटक आणि हौद यांच्या मधे उभा होता. मग त्यानं धनसिंगाच्या कंबरेची किल्ली घेतली, स्वतः कुलूप काढलं, आणि धोतर खोचून हौदात उतरला.

"लाइनमा उभ्या ऱ्हा," म्हणाला. "मी भरी देस."

एकेक भांडं वरून यायचं, झिपरू बुडवायचा, दोन्ही हातांनी वर द्यायचा. लताबाईची पाळी आली तेव्हा तिनं हंडा खाली देताना त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ते लाकूड..." तो म्हणाला, "दे आठे." गल्ली झाली, पलीकडची गल्ली झाली, खबर लागून वस्तीच्या त्या टोकाचे लोक आले. दुपारी पाणी कमरेखाली गेलं. नावेच्या कडा दिसायला लागल्या.

"आबा, नाव उघडी पडी ऱ्हायनी," धनसिंग वरून म्हणाला.

"माले दिखस."

अर्धं ठेवता आलं असतं. 'आता बस्स' म्हटलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण रांगेत पुढच्याला दिलं आणि मागच्याला नाही, असं झिपरूला कधी जमलं नाही. मासळीच्या वाट्यातही जमलं नव्हतं. उन्हं कलली तेव्हा तो तळाचं पाणी फडक्यानं टिपून एका म्हातारीच्या तांब्यात पिळत होता.

सर धावत आले ते त्यानंतर. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, रागावले नाहीत. हौदाच्या कडेवर बसून राहिले. "पुन्हा टँकर मागतो," म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं की फीत एकदाच कापतात.

पुढचे नऊ दिवस चैत्राचं ऊन पडलं. झिपरू तिथेच होता. गोणपाटं होती, ती भिजवायला काही नव्हतं. पाण्यानं फुगलेलं लाकूड एकदम वाळायला लागलं की ते नुसतं आकसत नाही, उलतं, खिळ्यांपाशी फाटतं. एकेक फळी गेली ती त्यानं पाहिली. दहाव्या दिवशी तो एस.टी.त बसला. घरी गेला नाही. सरळ नूर महंमदाच्या दारात गेला.

मिस्तरी ओट्यावर बसला होता. पावलांवरून त्यानं ओळखलं. घरातून अमिनाबीनं, मिस्तरीच्या बायकोनं, चहा आणून ठेवला आणि झिपरूचं तोंड बघून काही न विचारता आत गेली.

"कितला दिन निजनी?" मिस्तरीनं विचारलं.

"चार."

"मंग?"

"मंग पानी दी टाकं. लोकेस्ले."

नूर महंमदानं चहाचा कप बाजूला सारला. "दिन्हं ते बरं करं," म्हणाला. "पन अर्धी पियेल नाव, चैतना उनमा... झिपरू, तिले हात नही लावता ना, कोरडीच ऱ्हाती, तं दखाले तरी ऱ्हाती रे."

"माले ठाऊक व्हतं."

"कव्हय?"

"पयला हंडा भरना तव्हयच."

मिस्तरीनं मान हलवली. मग त्यानं हात पुढे केला, हवेतच, फळीवर ठेवावा तसा, आणि विचारलं, "नाळनी फळी?"

"उलनी."

"तिन्हा खालनी?"

"उलनी."

"डावी, तिसरी?"

"खिळासपाशी फाटनी."

अशा अकरा फळ्या झाल्या. बारावी नव्हतीच. नूर महंमद पुन्हा पहिलीपासून विचारायला लागला; आणि झिपरूनं, ज्याला एक गोष्ट दोनदा विचारलेली खपत नसे, पुन्हा पहिलीपासून सांगितलं.